दाबकेबाईंची चार वाक्यं

माझ्या लग्नाची पत्रिका दाबकेबाईंनी लाल पेनाने तपासून परत केलेली. 'आग्रहाचं निमंत्रण' या शब्दांखाली लिहिलेलं, 'आग्रह कोणी केला? पत्रिका शिपायाने टेबलावर ठेवली.'

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या रंगांच्या कारखान्यात बाई प्रयोगशाळा सांभाळायच्या आणि मी ऑफिसातलं टायपिंग. तपासल्याशिवाय त्या काहीच मानत नसत. कोणी 'गुड मॉर्निंग' म्हणालं, तरी म्हणायच्या, "बघू, दुपारपर्यंत कळेल."

एकदा परदेशी गिऱ्हाईक येणार होतं. गेटवर लावायला कंपनीची पर्यावरण-प्रतिज्ञा लिहा, असं मालकांनी आम्हा दोघांना सांगितलं; खाली सही बाईंची राहणार होती. मी लगेच लिहून नेलं: 'पर्यावरण हा आमचा श्वास आहे.'

बाईंनी उठून नाल्याकडची खिडकी उघडली. "घ्या श्वास."

मी खोकत पुढचं वाचलं, "आम्ही कटिबद्ध आहोत."

"कंबर कोणाची बांधली? तुमची की मालकांची?"

तीन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या केबिनमध्ये बसायचो. मी लिहायचं, त्यांनी खोडायचं. पुढे पुढे मीही त्यांचं खोडायला लागलो. त्या तावातावाने भांडायच्या आणि भांडता भांडता माझ्या डब्यात स्वतःची आमटी वाढायच्या. शेवटी चार वाक्यं उरली:

'आम्ही कापडाचे रंग बनवतो. त्यातून घाण पाणी निघतं. ते साफ करूनच सोडू. जमलं नाही, तर त्या दिवशी काम बंद ठेवू.'

मालकांनी चौथ्या वाक्यावर काट मारली. "बाई, असं लिहून कोणी धंदा करतं का?"

"मग खाली माझी सही नको," बाई म्हणाल्या.

तीन वाक्यांचा बोर्ड लागला. सहीशिवाय.

संध्याकाळी मी समजूत घालायला गेलो. बाई टेबल आवरत होत्या.

"वाईट वाटलं ना, वाक्य गेलं त्याचं?"

"वाटलं." खोडाखोडीच्या कागदांचा गठ्ठा त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. "पण आता उद्यापासून तुम्ही कॅन्टीनला जाल." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरी एकटीच असते मी. काहीही बोलले तरी कोणी खोडत नाही हो."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी डबा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"आता काय काम काढलंत?"

"काही नाही. जेवायला आलोय."

बाईंनी लगबगीने समोरची खुर्ची पुसली. मी बसलो. मग आम्ही दोघं जेवायला लागलो आणि त्यांनी माझ्या डब्यात आमटी वाढली. भांडायला काही सुचतच नव्हतं.