हायकोर्टात आठवी

सालेकसा लाईनवर माझ्याएवढा हुशार ड्रायव्हर नाही, हे आधीच सांगून ठेवतो! सरकारनं नियम काढला, भाड्याच्या सवाऱ्या वाहायच्या तं पक्कं लायसन्स पाहिजे, अन् त्याच्यासाठी आठवी पास पाहिजे. आमच्या स्टँडवर इतक्या काळ्या-पिवळ्या जीपा, पण आठवी पास ड्रायव्हर एक नाही! मंग आम्ही नागपूरले हायकोर्टात केस टाकली. वकीलसाहेबानं सगळ्यांले न्याहाळून बोट माझ्यावर ठेवलं.

"केशोराव, केस तुमच्या नावानं. आठवीत शाळा सोडली, पण गाडीले कधी ओरखडा नाही. असाच माणूस पाहिजे!"

मी नवरदेवासारखा फुगून घरी आलो. बायको नंदा भात टाकून राहिली होती.

"अन् केस हरली तं? खाऊ काय? जीप चाटू?"

"हरतच नाही!"

"तरी पण."

त्या 'तरी पण'नं माझी झोपच उडवली. डोळा लागला का आरटीओचा साहेब जीपची चाबी घेऊन पळताना दिसे. शेवटी कोणाले न सांगता बाहेरून आठवीले बसलो. तेही पार देवरीले, तोंडाले दुपट्टा बांधून! केस हरली तरी आपण पास. दोन्हीकडून बंदोबस्त!

अन् झालो ना बाप्पा पास!

पण आठवी नाही म्हणूनच तं केस माझ्या नावानं होती! वकीलसाहेबाले समजलं तं? स्टँडवर समजलं तं? नंदा शेजारी पेढे वाटाले निघाली, मी डबाच हिसकला.

"अवं, कोणाले सांगू नोको!"

"काऊन? पास झाले का चोरी केली तुमी?"

देवरीच्या हेडमास्तरचा फोन आला, "सत्कार करतो, स्टेजवर या." मी म्हणलो, राँग नंबर! स्टँडवर दुसरा ड्रायव्हर शालीकराम नुसता "काय केशोराव, खुशीत दिसून राहिला!" म्हणला तरी मी बोनेट उघडून आत डोकं घाले.

तारखेच्या दिवशी सगळे एकाच जीपमध्ये कोंबून नागपूरले निघालो. आमच्यातले सगळ्यात म्हातारे मंगरूभाऊ रस्ताभर माझा हात धरून होते.

"केशो, तुयाच भरोशावर हावो रे. या वयात मी दुसरं काय करू?"

मी खिडकीबाहेरचे मैलाचे दगड मोजाले लागलो.

कोर्टात वकीलसाहेब गरजले, "माय लॉर्ड, या गरिबाजवळ आठवी नाही म्हणून त्याची भाकर हिसकायची का?"

जजसाहेबानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"किती शिकलात?"

'सातवी' म्हणायचं, बस! घरून घोकून आलो होतो. पण जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या माणसानं मले शिक्षण विचारलं हो! छाती आपोआप पुढे आली.

"आठवी पास, साहेब! पहिल्याच झटक्यात!"

वकीलसाहेब मटकन खाली बसले.

"अभिनंदन," जजसाहेब म्हणले. "मग तुमची तक्रार कशाची? बाकीच्यांनीही बसावं परीक्षेला." केस खलास!

वापस येताना भंडाऱ्यापर्यंत सगळे माझ्याकडे पाठ करून बसले. मी म्हणलो, "मंगरूभाऊ, शिव्या तरी द्या!"

"शिव्या कायले देऊ? पुस्तकं हायेत ना तुयाजवळ? आता तूच शिकव आमाले!"

"हो, मास्तर!" मागून सगळे ओरडले.

दुसऱ्याच दिवशी स्टँडवर शाळा भरली. सगळे पाट्या घेऊन बसले. शालीकरामनं पहिलाच भागाकार विचारला. "थांब, सवारी आली!" म्हणून मी घाईघाईनं जीप काढली.

सवारी कुठची! रिकामीच सालेकशापर्यंत नेऊन आणली.