मान डोलावणारा डबा

मला कोणीही, कशातही फसवावं. पण तारेच्या बाबतीत नाही! उभी हयात मी टेलिफोन खात्यात काढली. आमच्या न्खाता बेच्या सरोवरकिनाऱ्यापासून वरच्या डोंगरापर्यंत म्हणाल त्या खांबावर चढलोय. काहींवरून पडलोयसुद्धा! त्यामुळे टाय लावलेला फिरता विक्रेता ग्रेशियस न्खोमा पडद्याचा डबा घेऊन माझ्या अंगणात आला आणि म्हणाला, ‘आदादा, या डब्यामुळे इथल्या मरतुकड्या नेटवरही माणूस चालता-बोलता समोर दिसतो,’ तेव्हा मी इतक्या मोठ्याने हसलो की वाळत घातलेल्या मासळीवरच्या माश्या उडाल्या.

‘हे बघ पोरा,’ मी म्हणालो, ‘नळ जेवढा तेवढंच पाणी. इथला नेट म्हणजे सुताएवढी धार. तिच्यातून माणूस कसा येणार?’

‘दाबून!’ तो म्हणाला. ‘आमचं यंत्र चित्र दाबतं. दाबून दाबून मक्याच्या दाण्याएवढं करतं. इथं आलं की पुन्हा फुगतं.’

‘कापूस आहे का तो, दाबायला?’

‘कापूसच समजा!’

‘आणि आवाज?’

‘तुमचा आवाज तिकडे जातो. तिकडचा आवाज पुढच्या वर्षीच्या मॉडेलात.’

आता याला फाटकाबाहेर काढावं म्हणून मी काठी शोधत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, ‘आदादा, परदेशी कोणी आहे का तुमचं?’

काठी सापडली होती. पण मी ती पुन्हा भिंतीला टेकवली.

गावात लहानथोर सगळे मला आदादा, म्हणजे बाबा, म्हणतात. ज्यानं खरं म्हणायला हवं, तो माझा एकुलता एक मुलगा चिमांगो तिकडे विलायतेत अॅबर्डीनला असतो. तिथल्या म्हाताऱ्यांच्या निवासात कामाला आहे. त्यांना भरवतो, त्यांचे पाय चेपतो, त्यांच्या त्याच त्याच गोष्टी ऐकतो. त्याची आई गेल्यापासून मी इथं एकटा. दर रविवारी सायकल ढकलत मिशनच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढायचं, कारण फोन तिथंच लागतो. लाइन तुटेपर्यंत बोलायचं आणि उतरायचं. त्याचे फोटो आहेत घरात, पण फोटो काही केल्या हलत नाही हो!

‘फक्त एकदा,’ ग्रेशियस म्हणाला, ‘यंत्राला चेहरा शिकवावा लागतो. मुलाला सांगा, समोर बसून थोडं हस, मान हलव, आणि तो छोटा व्हिडिओ मला पाठव. पुढचं यंत्र बघेल.’

खांबावर चढलेल्या माणसाच्या डोक्यात इथं घंटा वाजायला हवी होती. वाजलीही! म्हणूनच मी एक सापळा रचला. डबा सुरू झाला की विचारायचं, ‘घरामागच्या आंब्यावरून पडलास तेव्हा कुठला हात मोडला होता? तो वर कर!’ शिकवलेला चेहरा काय डोंबलाचा हात वर करणार! मी तो प्रश्न आंघोळ करताना घोकला, चुलीवर कोंडोवोलेची उकड ढवळताना घोकला. एकट्याने जेवताना तर मोठ्याने म्हणून पाहिला.

रविवारी मी टाकीवरून सांगितलं, आणि चिमांगोने व्हिडिओ पाठवला. ठरल्या दिवशी ग्रेशियसने डबा गाडीच्या बॅटरीला जोडला. पडदा उजळला आणि समोर चिमांगो! जाड झाला होता. कपाळावरचे केस मागे सरकले होते. हसला तर हुबेहूब त्याची आई.

‘विचारा,’ ग्रेशियस म्हणाला.

मी घसा खाकरला. छाती पुढे काढली.

‘जेवलास का रे?’ मी विचारलं.

चिमांगोने हसून मान डोलावली.

झालं! माझा सापळा आंब्यावरच राहिला. मग मी रीतीप्रमाणे विचारपूस सुरू केली. आमच्याकडे कोणी एकदम कामाचं बोलत नाही. नीट उठलास का? नीट झोपलास का? कामाच्या ठिकाणचे नीट उठले का? शेजारचे नीट उठले का? या सगळ्याला एकच उत्तर असतं, आणि तो ते मान डोलावून देत होता. शेजाऱ्यांपर्यंत आलो आणि पडदा विझला. ‘नेट गेला,’ ग्रेशियस म्हणाला.

पण पोराचं वळण बघा! बापासमोर तोंड वर करून बोलायचं नाही, खाली बघून ‘हो’ म्हणायचं, हे मी त्याला शिकवून शिकवून थकलो होतो. परदेशी जाऊन पोरगं शिकलं! माझा ऊर भरून आला. ग्रेशियसने किंमत म्हणून माझी सायकल मागितली, तर मी तिला आधी तेल घालून दिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी डबा लावायचा आणि दिवसभराचं सगळं सांगायचं. कोंबडी खुडूक बसली. मान. तुझ्या आईची कबर साफ करून आलो. मान. टाकीवर जाणं मी सोडूनच दिलं. समोर चेहरा असताना अर्ध्या तुटक्या आवाजासाठी डोंगर कोण चढेल? आणि चढणार कसा, सायकल कुठं होती!

शेजारच्या न्यामांडाला मी सगळ्यात आधी बोलावलं. ही विधवा बाई, बस थांब्यावर मंडासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकते, आणि तिची जीभ तिच्या तेलाहून गरम.

‘एवढा गोड?’ ती पडद्याकडे बघत म्हणाली. ‘आदादा, लहानपणी या पोराच्या तोंडात “नाही” शिवाय शब्द नव्हता. मी फुकट मंडासी दिली तरी “नाही” म्हणायचा, मग खायचा!’

‘माणूस सुधारतो, बाई.’

‘सुधारतो. पण इतका?’

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पण तिने ही बातमी मंडासीबरोबर विकली, आणि माझ्या दारात रांग लागली! एरवी वाट चुकूनही न येणारी माणसं बसायला चटया घेऊन आली. घरात गजबज! मला तर लग्नघर असल्यासारखं वाटू लागलं. मुखियाने चिमांगोकडे होडीचं इंजिन मागितलं. मान. गायन मंडळाच्या बायकांनी नवे गणवेश मागितले. मान. शेवटी पाद्री म्फांडे आले, आदराच्या रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी हळू टाळ्या वाजवत पडद्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, ‘बाळा, चर्चचं छप्पर गळतं. नवे पत्रे घालशील?’

चिमांगो असा गोड हसला, आणि अशी मान डोलावली, की पाद्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरं तर विचारायचं होतं, की अरे, एवढा पगार आहे का तुला? पण रांग मोठी होती.

पाद्री उत्साही माणूस. नवे येणारच आहेत म्हणून त्यांनी आठवड्याच्या आत जुने पत्रे उतरवले! पुढच्या रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये भर उन्हात बसलो होतो. चिमांगोचे आभार मानायला डबा वेदीपाशी ठेवलेला. पाद्री बोलले, मुखिया बोलला, चिमांगो डोलला. मग मागच्या बाकावरून न्यामांडा उठली.

‘मलाही दोन शब्द विचारायचेत.’

‘विचारा, विचारा!’ मी ऐटीत म्हणालो.

ती पडद्यासमोर उभी राहिली. ‘चिमांगो बाळा, तुझा बाप गाढव आहे का?’

चिमांगोने हसून मान डोलावली.

‘मी अॅबर्डीनची राणी का?’

मान!

‘आणि हे जे उघड्यावर बसलेत, त्यांच्या डोक्यावर आत्ता छप्पर आहे का?’

मान! आणि काय ते हसू, त्याच्या आईचं!

पाद्री म्फांडे हळूहळू वर बघू लागले. वर नुसतं आभाळ होतं. मग गायन मंडळातली एक बाई फिस्कन हसली, आणि सगळ्या चर्चमध्ये हशा फुटला. मीही हसलो. काय करणार? पण हसता हसता एकदम थांबलो. इतके दिवस मी कोणाला सांगत होतो? आणि माझा खरा पोरगा त्या सगळ्या रविवारी काय करत होता?

मी उठलो आणि टाकीकडे निघालो. पायी! छातीचा भाता झाला. टाकीपाशी पोचून फोन लावला तर चिमांगोने पहिल्याच घंटीला उचलला.

‘आदादा? आदादा!’ तो ओरडलाच. ‘कुठं होता तुम्ही? किती रविवार फोन लावतोय! मला वाटलं, तुम्हाला काही… मी तिकीट काढलंय, आदादा! शुक्रवारी निघतोय!’

मी फोन कानावर घट्ट दाबला.

‘तब्येत कशी आहे? खरं सांगा!’

अहो, तो यायला एक खोकला पुरला असता! एकच! नाहीतरी चढून दम लागलाच होता. पण पडलो तरी ‘काही झालं नाही’ म्हणायची खांबावर चढणाऱ्या माणसाची खोड जाते थोडीच!

‘ठणठणीत!’ मी म्हणालो. ‘मला काय धाड भरलीय!’

तिकडे तो रडला की हसला, कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. ‘देवाची कृपा! मग रद्द करतो तिकीट. इथं माणसं कमी आहेत, रजा भांडून घेतली होती. पुढच्या वर्षी नक्की येतो. चालेल ना, आदादा?’

मी मान डोलावली.

‘आदादा? चालेल ना? ऐकू येतंय का?’

मी मान डोलावत राहिलो. मग लाइन तुटली.

उतरलो तर पायथ्याशी न्यामांडा कागदात गरम मंडासी घेऊन दगडावर बसली होती. मी दिसताच उठली.

‘लागला फोन?’

मी मान डोलावली.

‘बरा आहे?’

मान.

‘येतोय?’

मी हसलो आणि जोरात मान डोलावली.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग मंडासी माझ्या हातात कोंबली.

‘आदादा,’ ती म्हणाली, ‘आता तोंडाने सांगा.’