दाराकडे तोंड केलेले बूट

आमच्या शेजारच्या सामंतकाकांचे बूट घरात, उंबरठ्याच्या आत असतात. चवडे जिन्याकडे, टाचा घराकडे. तपकिरी कातड्याचे लोफर. नाडी नाही, बक्कल नाही. वर फक्त एक पट्टी आणि पट्टीत डोळ्याएवढी चीर. रोज सकाळी काका त्यांना पॉलिश करतात आणि एकदा घालून पाहतात.

"पाय सारला की सुटलो!" हे त्यांचं ब्रीद.

सुटायचं कशातून, हे जेसल पार्कच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. आमची इमारत धोकादायक ठरलीय. छताचे पोपडे ताटात पडतात, पार्किंगमध्ये लोखंडी टेकू उभे आहेत, आणि वर कुणी खलबत्त्यात काही कुटलं की खाली आमचे घास हातात थांबतात. बिल्डर केव्हाच पळाला. त्याच्या पायात कोणते बूट होते कुणास ठाऊक! त्याच्याविरुद्ध मी पत्रकं छापून गल्लीभर वाटली. काकांनी पत्रक वाचलं आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

"क्रांती करतोस आणि नाड्या बांधत बसतोस? इमारत थांबणारेय का तुझ्यासाठी?"

"मग चप्पल घालतो, काका."

"चपलेत माणूस पळालेला दिसतो. लोफरमध्ये निघालेला दिसतो. घाई असावी, पण दिसू नये. लोफरची सगळी शान त्यात आहे, गाढवा."

समोरचे जिग्नेशभाई नवे स्पोर्ट्स शूज घेऊन आले, तर काका दारातूनच ओरडले, "लेसवाला जूता? जिग्नेशभाई, मरना है क्या?"

हे सगळं ते मोठ्याने, दार सताड उघडं टाकून बोलायचे. मला चीड यायची. कारण त्या दारातून आतला पलंग दिसायचा आणि पलंगावर काकू. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांना मानही वळवता येत नाही. नजर समोर, थेट त्या बुटांवर. एकदा मी विचारलंच, "तुम्ही सुटाल, काका. काकूंचं काय?"

काका पट्टी पुसत राहिले. उत्तर आतून आलं. "ते पळणार, मी इथेच राहणार. शपथ घातलीय मी त्यांना. दोघांनी कशाला मरायचं?"

गेल्या महिन्यात, भर दुपारी, वरच्या मजल्याचा सज्जा कोसळला. सगळी इमारत शहारली. जो तो मुलं, म्हातारी माणसं ओढत जिन्याकडे धावला. मी अनवाणी. त्या आरड्याओरड्यात मागून कातडी टाचा वाजल्या. टॉक, टॉक, टॉक. ठाम, सावकाश. काका निघाले होते. घाई होती, पण दिसत नव्हती. त्या क्षणी मला त्या बुटांचा इतका राग आला की काय सांगू.

खाली धुळीत सगळे होते. काका नव्हते.

वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि जिग्नेशभाईंना घेऊन मी परत वर धावलो. जिन्याच्या वळणावर लोफर ठेवलेले होते. नीट, जोडीने. रिकामे.

दार उघडंच होतं. धुळीने मिटलेले डोळे आत्ता कुठे किलकिले करून काकू मोकळ्या उंबरठ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या उशामागे, त्यांना कधीच दिसणार नाही अशा जागी, काका जमिनीवर बसले होते. अनवाणी, गुडघे पोटाशी घेऊन. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"कोण रे?" काकूंनी विचारलं. "हे गेले ना खाली?"

छताची माती माझ्या मानेवर पडत होती.

"केव्हाच, काकू. सगळ्यांच्या आधी. त्यांनीच पाठवलंय आम्हाला, खुर्ची घेऊन."

"बूट घालून गेले ना?"

"हो."

"बरं झालं," म्हणत त्यांनी डोळे मिटले.

आम्ही खुर्ची उचलली. मागून अनवाणी पावलं येत होती. जिन्याच्या वळणावर काकांनी वाकून लोफर उचलले आणि छातीशी धरले. घातले नाहीत. टाचा वाजल्या असत्या.