अण्णांना सराव लागत नाही

आमचे शेजारी अण्णा बनकर कुठल्याही गोष्टीचा सराव करत नाहीत. सराव म्हणजे माणसाचा स्वतःच्या अंगावरचा अविश्वास, असं त्यांचं ठाम मत आहे. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत ते त्यांनी इतक्या वेळा मांडलंय, की आता पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी आपापल्या आयांना तेच ऐकवतात.

अण्णांनी पहिली स्कूटर घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, आधी मोकळ्या मैदानात दोन चकरा मारा. अण्णा म्हणाले, "त्यात काय लई?" आणि तिथूनच थेट गावाकडे, देवगाव रंगारीला निघाले. गाडी आईला दाखवायची होती. स्कूटर त्या दिवशी गावी पोचली आणि अण्णाही पोचले, फक्त एकत्र नाही. ती टेम्पोतून आली आणि हे बसने.

अण्णांच्या ऑफिसात एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता. अण्णा टिपण न काढता बोलायला उभे राहिले. माणूस वारलेला नसून बदलीवर पैठणला चाललाय, हे त्यांना शेवटच्या वाक्याला कळलं. तोवर त्यांची त्याच्या आत्म्याला शांती चिंतून झाली होती. घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अण्णा, जरा आधी विचारून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "भाषण चांगलं झालं का नाय? मग. त्याला पुढं कामाला येईल."

अशा माणसाने अर्धमॅरेथॉन पळायचं ठरवलं, यात मला आश्चर्य वाटायला नको होतं. आश्चर्य मला स्वतःचं वाटतं. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. एका गावाहून दुसऱ्या गावाचं अंतर नकाशावर सुतळी ठेवून मोजायला मी कित्येक पिढ्यांना शिकवलं आहे. पण एकवीस किलोमीटर म्हणजे किती, हे मला पळायला लागेपर्यंत समजलं नव्हतं.

झालं असं, की कॉलनीच्या ग्रुपवर शर्यतीचा नकाशा आला. संध्याकाळी अण्णा माझ्या ओट्यावर बसले होते. त्यांनी माझा फोन घेतला, दोन बोटांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, आणि एका ठिकाणी बोट रोवलं. मी डोकावलो. क्रांती चौकातून परत फिरून रस्ता बायपासकडे वळत होता, तिथल्या एका कॉलनीवर ते बोट होतं.

"सुऱ्याच्या दारावरनं चाललाय रस्ता," ते म्हणाले.

सुऱ्या म्हणजे सुरेश, अण्णांचा धाकटा भाऊ. दोघांत गेल्या लग्नसराईपासून बोलणं नाही, आणि ते का नाही हे गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण अण्णा स्वतःच सांगतात. सुरेशच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात एकेका वडीलधाऱ्याला बसवून फेटा बांधणं चाललं होतं. व्याही झाले, मामे झाले, कन्नडहून आलेले कुणाचे तरी साडूसुद्धा झाले, आणि अण्णांची पाळी आली तेव्हा फेटे संपले. सुरेश घाईत होता. तो म्हणाला, "अण्णा, तू तर घरचाच. तुला कशाला फेटा?" अण्णा उठले आणि न जेवता मांडवाबाहेर पडले. सुरेश मागे धावला. पण समजूत काढायची सोडून पाहुण्यांच्या देखत म्हणाला, की आता ह्या वयात एवढ्या तावानं चालू नको, दम लागंल.

फेट्याचं अण्णा एक वेळ विसरले असते. दम त्यांच्या जिव्हारी लागला.

म्हणून त्यांचा बेत साधा होता. शर्यतीच्या दिवशी सुरेशच्या दारावरून छाती काढून पळत जायचं. सुरेशने ते बघायचं. आपण मात्र त्याच्याकडे बघायचं नाही. बाकीचे किलोमीटर हे त्या दारापर्यंत पोचायचं आणि तिथून निघायचं भाडं.

नाव नोंदवायला फोन माझाच होता. मी पाच किलोमीटरवर बोट ठेवलं, तर अण्णा म्हणाले, ते पोराटोरांचं असतंय, आणि पाचवाला रस्ता सुऱ्याकडं जात पण नाय. त्यांचं एकवीसचं टाकलं. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन बाहेर आल्या आणि मला विचारत्या झाल्या, की तुम्ही नुसतं बटण दाबून देणार का. त्यांच्या आवाजात एक सूर होता. त्या सुराला उत्तर म्हणून मी माझंही एकवीस टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी ह्या सुराला फसतो.

मी सराव केला. म्हणजे पहाटे उठून कॉलनीला दोन चकरा मारायला लागलो. अण्णा ओट्यावर चहा पीत माझ्याकडे बघत आणि मी समोरून गेलो की हळहळत. त्यांच्या मते प्रत्येक माणसात इंधन ठरलेलं असतं आणि मी ते फुकट जाळत होतो. पहिला आठवडा संपायच्या आत मला त्यांचं म्हणणं पटलं. माझं वाचनाचंही असंच आहे, मला पटायला वेळ लागत नाही.

वाचनावरून आठवलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी पळणाऱ्याने कार्बोहायड्रेट भरपूर खावं, असं मी कुठेतरी वाचलं आणि ते अण्णांना सांगण्याची चूक केली. अण्णांनी विचारलं, कार्बोहायड्रेट म्हणजे कशात असतंय. मी म्हटलं, पोळी, भात, पाव, नान. नान म्हटल्यावर ते उठले आणि मला गाडीवर घालून शहागंजात घेऊन गेले. नान-खलिया, म्हणजे नान आणि तर्रीदार मटण, समोर आला तेव्हा मी शंका काढली, की पुस्तकात मटणाचा उल्लेख नव्हता. अण्णा म्हणाले, "खलिया नुसता सोबतीला हाय, सर. घसा कोरडा पडू नये म्हणून." मी त्यांच्यापेक्षा एक नान जास्त खाल्ला. विज्ञानावर माझी श्रद्धा आहे.

शर्यतीच्या सकाळी वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, अण्णांच्या कोऱ्या बुटांना हळद-कुंकू वाहिलं. नव्या गाडीला वाहतात तसं. चाकाखाली ठेवतात तशी दोन लिंबंही उंबऱ्यावर ठेवली आणि अण्णांनी ती फोडली. माझे बूट जुने होते. मी नुसता चहा प्यालो.

मैदानावर मंचावरून एक मुलगी सगळ्यांना नाचायला लावत होती. अण्णा हाताची घडी घालून उभे राहिले. पळायच्या आधीच दमवायचा हा डाव त्यांनी ओळखला होता. शिट्टी झाली आणि ते पोळ्याच्या बैलासारखे सुटले. मी मागून ओरडलो, की अण्णा, इंधन. पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. पहिल्याच चौकात ते मला पुन्हा भेटले. दिव्याच्या खांबाला धरून उभे होते आणि खांबाकडेच तक्रारीने बघत होते.

तिथून आम्ही चाललो. अण्णांनी नियम करून टाकला, की आता सुऱ्याच्या कॉलनीपर्यंत पळायचं नाही. मला तो नियम देवाने पाठवल्यासारखा वाटला, कारण रात्रीचा खलिया एव्हाना पोटात स्वतःची वेगळी शर्यत लावून बसला होता. आम्हाला मागे टाकून सगळे गेले. साठी ओलांडलेल्या एक बाई फोनवर सुनेला वांग्याला फोडणी कशी द्यायची ते सांगत पळत गेल्या, आणि त्यांचा श्वास कुठेही अडला नाही.

क्रांती चौकात टायरवाले सलीमभाई दुकान उघडत होते. ते अण्णांचे जुने दोस्त. अण्णांना चड्डी-बुटात बघून त्यांनी शटर अर्ध्यावरच सोडलं.

"क्या अण्णा, कोई पीछे लगा क्या तुमारे?"

"नहीं मियाँ," अण्णा म्हणाले, "पीछे कोईच नहीं है."

हे अक्षरशः खरं होतं. आमच्या मागे फक्त संयोजकांची गाडी होती. शेवटच्या माणसाला उचलून नेणारी. ती इतकी हळू येत होती, की ड्रायव्हरला आमच्यामुळे जांभया येत होत्या.

बायपासच्या कॉलनीचा फाटा दिसला तशी अण्णांनी तयारी सुरू केली. रुमालाने तोंड पुसलं. खिशातून कंगवा काढून भांग पाडला, मिशा नीट केल्या, बनियन आत खोवलं. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, की सर, तुम्ही जरा मागून या. सोबत दमलेला माणूस दिसाया नको.

आणि अण्णा पळाले. खोटं कशाला बोलू, सुंदर पळाले. छाती पुढे, मान ताठ, नजर समोर. इतकी ऐटदार धाव सराव न केलेल्या माणसाची असू शकते, हे मला कबूल करावं लागलं. सुरेशचं निळं फाटक गेलं, ओटा गेला, अण्णा पुढच्या कडुलिंबाच्या झाडापर्यंत गेले आणि झाडाच्या बुंध्यामागे जाऊन वाकले. मी रखडत पोचलो तेव्हा पुढून भाता चालल्यासारखा आवाज येत होता.

त्यांनी विचारलं, काय म्हणाला.

मी म्हटलं, कोण?

"सुऱ्या. व्हता ना दारात?"

मी सांगितलं, दारात कुणी नव्हतं. अण्णांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, असं कसं, रविवारी ह्या टायमाला तो पेपर घेऊन ओट्यावर बसतो, चष्मा कपाळावर ठेवून, मग चष्मा शोधतो. बोलणं नसलेल्या माणसाबद्दल त्यांना बरंच ठाऊक होतं. थोडा दम खाऊन ते म्हणाले, की आत गेला असंल, मी एकदा जाऊन येतो.

ते परत उलटे पळत गेले, कॉलनीच्या फाट्यापर्यंत. मग तिकडून पुन्हा आले. दुसऱ्या वेळी त्यांनी दारासमोर खाकरून बघितलं. तिसऱ्या वेळी, मी शेजारी नसतानाही, मोठ्याने म्हणाले, "चला सर, चला, अजून लई पल्ला हाय." दार बंदच.

माझ्या पोटरीत गोळा आला होता. मी फाटकाच्या शेजारच्या कट्ट्यावर बसून पाय चोळू लागलो. तेव्हा माझ्या पाठीमागच्या खिडकीचा पडदा हलला आणि आतून कुणीतरी हलक्या आवाजात "सर" म्हणालं. सुरेश होता. चष्मा कपाळावर.

मी बोलणार, तोच त्याने ओठावर बोट ठेवलं. अण्णा तोवर फाट्याकडे वळले होते.

मी कुजबुजत म्हटलं, की अहो, तुम्ही बघावं म्हणून चाललंय हे सगळं, एकदा बाहेर या म्हणजे त्या माणसाची सुटका होईल.

"बघतोय की," सुरेश म्हणाला. "पहिल्यापासनं बघतोय. पण बाहेर आलो, की झालं त्याचं काम. सरळ निघून जाईल. लग्नापासनं आज पहिल्यांदा दारात आलाय, सर. येऊ द्या अजून एक-दोनदा."

मग त्याने विचारलं, "दम लई लागलाय का त्याला?"

मी म्हटलं, तसा लागलाय. सुरेश खिडकीच्या गजाला धरून रस्त्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात संयोजकांची गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, काका, वेळ संपला, दोघंही बसा, पदक नाही मिळणार आता. मी त्याला पुढे जायला सांगितलं. तो म्हणाला, ते दुसरे काका उलटे का पळतायत. मी म्हटलं, त्यांचं काही चुकलेलं नाही. त्याने मान हलवली आणि गेला. गाडी गेली तशी माझी घरी जायची सोयही गेली, हे माझ्या ती वळल्यावर लक्षात आलं.

अण्णा पुन्हा येत होते. आता मान ताठ नव्हती, आणि समोर बघायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. फाटकापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून दारापर्यंत ते सगळं नीट बघत येत होते. माझ्याजवळ थांबून त्यांनी हळूच विचारलं, दिसला का.

मी म्हटलं, नाही.

"बरं," ते म्हणाले. मला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल, पण तसं दिसलं नाही. "मग अजून एकदा जाऊन येतो."

निघता निघता त्यांचं लक्ष फाटकाकडे गेलं. दूधवाल्याने पिशव्या कडीला अडकवून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर आता ऊन आलं होतं. अण्णांनी इकडे तिकडे बघितलं. पिशव्या काढल्या, हाताने चाचपल्या, आणि फाटकाच्या आतल्या बाजूला, जास्वंदीच्या सावलीत वाकून ठेवल्या. आवाज होऊ नये म्हणून कडी धरून फाटक लोटलं.

"नासलं असतं," ते मला म्हणाले, जसं काही मीच त्यांना पकडलं होतं. आणि लिंबाकडे निघाले.

मी वळून खिडकीकडे बघितलं. सुरेश तिथे नव्हता. आत कुणीतरी घाईघाईने चपला शोधत होतं, एक सापडत होती आणि दुसरी सापडत नव्हती. तिकडे अण्णा लिंबाला वळसा घालून परत फिरले होते. ह्या वेळी ते पळत नव्हते.