दातारकाकांचा नवा रेडिओ

दातारकाकांना कुणी "बसा" म्हटलं, की ते आधी "बसतो" म्हणायचे आणि मग बसायचे. "चहा घ्या" म्हटलं, की "चहा घेतो." सातपूरच्या बसचा कंडक्टर ओरडायचा, "पुढे सरका, पुढे सरका!" सगळी बस मुकाट्यानं सरकायची. काका तेवढे खणखणीत आवाजात सांगायचे, "पुढे सरकतो." कंडक्टरला वाटायचं, म्हातारा आपल्याला चिडवतोय.

म्हातारा चिडवत नव्हता. विमान चालवणाऱ्याला खालून रेडिओवर जे सांगतात, ते त्यानं शब्दाला शब्द परत म्हणायचं असतं. म्हणजे नीट ऐकलं, हे खालच्याला कळतं. काका तरुणपणी फ्लाइंग क्लबात हे शिकले आणि पुढं कधीतरी जमिनीवरही तसंच बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा." काका म्हणाले, "मीठ कमी करतो. ऐकलं." आणि घरी येऊन भातावर लोणचं वाढून घेतलं. परत म्हटलं म्हणजे पाळलं, असं मुळीच नव्हे. फक्त ऐकलं.

एकदा शेजारी कुणी गेलं, तर भेटायला गेलेले काका तिथंही तसेच. त्या घरची बाई रडत म्हणाली, "गेले हो, आम्हाला सोडून गेले." काका मान खाली घालून म्हणाले, "सोडून गेले. ऐकलं." मी मागे उभा होतो. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण त्या बाईनं काकांकडं असं काही पाहिलं, जणू इतक्या माणसांत ह्या एकालाच ते कळलं असावं.

मी देगलूरच्या पुढचा. सातवीतनं शाळा सुटली. गावच्या एकानं नाशकात मोठ्या कारखान्यात चिकटवतो म्हणून आणलं आणि सातपूरच्या फाटकापाशी सोडून तो गेला तो गेलाच. काकांचं तिथं छोटं वर्कशॉप होतं. त्यांनी मला पत्र्याच्या कामाला ठेवलं, वरच्या माळ्यावर झोपायला जागा दिली. मी ते उपकार अजून विसरलेलो नाही. पण उपकाराखाली जगणारा माणूस कायम बोचकं बांधूनच असतो. काकांनी नुसतं "इकडं ये" म्हटलं तरी मला वाटायचं, झालं, आता जा म्हणणार.

वर्कशॉपच्या मागच्या अर्ध्या भागात ताडपत्री होती आणि ताडपत्रीमागं विमान. पिवळं, दोन सीटचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेलं. परदेशातनं नकाशे मागवून काकांनी ते हातानं बांधलं होतं. मी आलो तेव्हा पंख लागायचे होते. त्यानंतर इंजिनावर, सीटपुढं जो जो पत्रा लागला तो माझ्या हातचा. पंख उतरवून ट्रकवरनं धावपट्टीवर नेलं, की ते उडायचंही. फक्त एकच तक्रार होती, रेडिओ. भंगारातनं आणलेला तो जुना सेट काकांचं बोलणं खाली पोचवायचा, पण खालचं बोलणं वर आणायचा नाही.

"मालक अन् रेडू येकाच कंपनीचे हायेत," आमचा वॉचमन कचरूतात्या म्हणायचा. तो सायखेड्याचा. "सोताचं तेवढं सांगतो, दुसऱ्याचं ऐकत नाय."

"काका तर सगळं परत म्हणून दाखवतात," मी म्हणायचो.

"ते आत्ता. बाई व्हत्या तवा हे येवढंसुदीक बोलत नव्हते. बाईच बोलायच्या, लय बोलायच्या. ह्ये नुसतं हूं."

काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. मी त्यांना पाहिलं नाही.

मग तो गाईंचा प्रकार झाला. काका उतरत होते आणि खालून धावपट्टीचे साहेब रेडिओवर "उतरू नका, उतरू नका" करून ओरडत होते. काका उतरले. गाईंनीच शहाणपण केलं आणि बाजूला झाल्या. साहेब लाल होऊन धावत आले. "दातार, पट्टीवर गाई होत्या!"

"गाई होत्या. ऐकलं."

"आत्ता ऐकून काय उपयोग? रेडिओ बदला. तोवर हे विमान तुमच्या शेडमध्येच ठेवा."

"शेडमध्ये ठेवतो," काका म्हणाले. हे मात्र त्यांनी पाळलं. परत येताना मला एवढंच म्हणाले, "रेडिओ झाला की पहिली सीट तुझी. बाजूची."

"बाजूची सीट माझी," मी परत म्हटलं. तिथून पुढं मी रोज त्या सीटवरची धूळ झटकायचो. सीटवर धूळ नसायची.

रेडिओ बदलायला नाशकातल्याच द्वारका चौकातनं भालेराव आला. माझ्याच वयाचा. आयटीआय केलेला, द्वारकेला स्वतःचं दुकान, गळ्यात हेडफोन, तोंडात शीळ. आल्या आल्या त्यानं विमानाला प्रदक्षिणा घातली आणि पाठीवरच्या एरियलपाशी थांबला.

"हे कुणी बसवलं?"

"मी," मी म्हटलं.

"एक नंबर बसवलंय यार. चुकीच्या जागी."

काका हसले. मी इतकी वर्षं त्यांच्याकडं होतो, मला ते हसू माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. भालेरावला चहा कानाच्या कपात, मला ग्लासात. भालेरावला बसायला काकांचं स्वतःचं स्टूल. मला काका हाक मारायचे "ए". त्याला मात्र पूर्ण "भालेराव". आणि तो बेटा दोन दिवसांत काकांसारखं बोलायलाही लागला. "भालेराव, पक्कड." "पक्कड देतो, काका. ऐकलं." काका म्हणाले, "वा!" माझ्या वाट्याला कधी साधा "वा"सुद्धा आला नव्हता. मी कधी मागितलाही नव्हता, पण मिळू शकतो हे माहीत असतं तर मागितला असता.

नवा सेट जुन्यापेक्षा रुंद होता. समोरच्या पत्र्यातलं भोक मोठं करायचं काम माझ्याकडं आलं. म्हणजे ज्यानं माझी जागा घेतली, त्याच्या सेटला जागा मीच कापून द्यायची. मी मनात म्हणायचो, हा रेडिओ चालूच नये. लगेच आठवायचं, रेडिओ नाही चालला तर माझी सीटही गेली. मला धड वाईटसुद्धा चिंतता येत नव्हतं.

भालेराव म्हणाला, "काका, विमान लाकडी आहे. एरियलखाली तांब्याचा पत्रा पाहिजे, चांगला मोठा. नायतर आवाज घेणार नाय हा."

"तांब्याचा पत्रा. ऐकलं," काका म्हणाले आणि घरी गेले. परत आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक घंगाळ घेऊन. लख्ख घासलेलं, जुनं, जड.

कचरूतात्या माझ्या कानाशी पुटपुटला, "बाईंचं हे."

"काका, भांडी बाजारातनं पत्रा आणू की," मी म्हटलं.

"हेच काप." आज त्यांनी माझं बोलणं परत म्हटलं नाही. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ठोकायचं संपलं की हाक मार." मी तापवून, कापून, ठोकून ते सपाट करेपर्यंत काका रस्त्यापलीकडच्या टपरीपाशी पाठ करून उभे होते.

सगळं जोडून झालं. पण इंजिन सुरू केलं, की नव्या रेडिओत फुटाणे भाजल्यासारखा तडतडाट. भालेरावनं इंजिनच्या वायरींवर जाळीचं वेष्टण चढवलं, तडतड थांबली. "पण हे खाली झालं," तो म्हणाला. "वर फुल इंजिनवर काय होतं ते बघायला पायजे. सेटपाशी मला बसायला लागेल."

काकांनी मान हलवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या भालेराव वर. तू खाली."

मी हत्यारं गोळा करायला लागलो.

"रिपीट?" काका म्हणाले.

"मी खाली," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीवर साहेबांच्या टेबलाशी मी माइक धरून बसलो. भालेराव माझ्या सीटवर बसला, पट्टा आवळला आणि मला हात केला. चांगल्या मनानं केला, म्हणून आणखीच राग आला. विमान धावलं, उठलं, टेकडीवर पिवळा ठिपका होऊन वळलं. टेबलावरच्या पेटीतून खरखर आली आणि मग काकांचा आवाज.

"खाली कोण?"

"खाली मी."

"खाली तू. ऐकलं!" त्या आवाजात असा काही आनंद होता, की साहेबांनीसुद्धा वर पाहिलं. "बोलत राहा."

"काय बोलू?"

"काय बोलू. ऐकलं. काहीही बोल."

मी सांगितलं, वारा समोरून आहे. वारा समोरून, ऐकलं. पट्टीवर गाई नाहीत. गाई नाहीत, ऐकलं. कचरूतात्या झाडाखाली तंबाखू मळतोय. तंबाखू मळतोय, ऐकलं. मग समोर दिसणारं सगळं संपलं. थांबलो तर चाचणी मोडेल आणि नाव माझं येईल, ह्या भीतीनं मी जे तोंडात आलं ते बोलत सुटलो. आमच्याकडं आता तुरी फुलल्या असतील. आई चुलीपाशी एकटीच बडबडते. आमची एक म्हैस होती, चंद्री. ती एकदा हरवली होती.

"म्हैस हरवली होती. ऐकलं."

"आई न् मी नदीच्या काठानं हाका मारत गेलो..."

"हाका मारत गेलो."

"अंधार पडत आला. आई म्हणाली, म्हैस नाही सापडली तर उद्यापासनं तुझी शाळा..."

साहेबांनी माझ्या हातातला माइक धरला. "अरे बाबा, चाचणी केव्हाच झाली. पेट्रोल संपेल त्यांचं. उतरायला सांग."

"काका, उतरा."

पिवळ्या ठिपक्यानं टेकडीवर आणखी एक घिरटी घातली. मग, "उतरतो."

विमान येऊन थांबलं. आधी भालेराव उतरला. हेडफोन गळ्यात, तोंड हे एवढं पडलेलं. मला वाटलं, रेडिओत काही राहिलं.

"रेडिओला काय धाड भरलीय? झकास चाललाय," तो म्हणाला. "पण यार, सगळी जोडाजोड मी केली, बाजूला मी बसलो, आणि म्हातारा माझ्याशी एक शब्द बोलेल तर शपथ. पाचेक मिनिटांत म्हटलं, काका, झालं टेस्टिंग, उतरू या. तर माझ्यावरच डाफरला. म्हणे, थांब, त्याचं बोलणं संपू दे. एवढं काय रे त्या तुझ्या चंद्रीत?"

मी विमानापाशी गेलो. काका अजून आतच होते. कानावरचे हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले होते. पंखा थांबला होता. मला वाटलं, साहेबांसमोर म्हशीचं पुराण लावलं म्हणून आता बोलणार.

"मग?" काका म्हणाले. "सापडली का ती?"

मी मान हलवली, नाही.

त्यांनी वाकून बाजूच्या सीटवरचा पट्टा बाजूला केला आणि हातानं सीट झटकली. "बस. पहिल्यापासनं सांग."

"बसतो," मी म्हटलं आणि मग बसलो.