चौकोनी कंसातले मास्तर

मला आता कुणाचीही गरज नाही, असं मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी जाहीर केलं. जेवणाच्या टेबलाशी, बायकोसमोर, तिनेच केलेली भाजी दुसऱ्यांदा वाढून घेताना!

"लेखक आणि वाचक यांच्यामध्ये किती जण घुसलेले असतात, माहीत आहे का तुला?" मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. मी बोटांवर मोजून दाखवले. प्रकाशक, संपादक, मुद्रितं तपासणारा, छापणारा, बांधणारा, गठ्ठे पोचवणारा आणि दुकानात नेमकं माझंच पुस्तक मागच्या फळीवर ठेवणारा. एकूण सात! या सातही जणांना आता रामराम. फाइल तयार करायची, साइटवर चढवायची, बटण दाबायचं. इकडे मी, तिकडे वाचक, मध्ये मोकळी हवा.

बायको म्हणाली, "मीठ बरोबर आहे ना?"

मी रहस्यकथा लिहितो. सतरा झाल्या आहेत आणि सतराही एकाच प्रकाशकाने काढल्या. त्यांनी दोन वर्षांपूर्वी कंटाळून दुकान बंद केलं. छापणाऱ्याने यंत्र विकलं, गठ्ठेवाला दुसऱ्या धंद्याला लागला. म्हणजे खरं सांगायचं तर सातांपैकी सहा जण आपणहून गेले होते. मला काढून टाकायला उरले होते एकटे मास्तर.

मास्तरांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलेलं नाही. ते मुद्रितं तपासायचे आणि छापखान्यातल्या लोकांनी त्यांना हे नाव पाडलं होतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, एक टेबल, एक भिंग, टोक काढून ठेवलेल्या पाच पेन्सिली. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी दूरच्या शहरात. पूर्वी त्यांच्या टेबलावर चार-चार लेखकांचे गठ्ठे असत. हल्ली जो तो आपली फाइल आपणच यंत्राकडून तपासून घेतो. त्यामुळे त्यांच्याकडे वर्षातून एकच काम यायचं. माझं.

आमची एक पद्धत होती. लिहिताना अडलं की मी थांबत नसे. चौकोनी कंस टाकायचा, त्यात मास्तरांना चिठ्ठी लिहायची आणि पुढे जायचं. [मास्तर, नायिकेच्या डोळ्यांचा रंग आधी काय लिहिलाय ते बघा.] [मास्तर, खून मंगळवारी झाला की बुधवारी?] मास्तर उत्तर शोधायचे, मजकुरात बसवायचे आणि कंस काढून टाकायचे. पुस्तकाच्या शेवटी माझी एक ठरलेली चिठ्ठी असे: [मास्तर, जमलंय का?] त्याखाली ते पेन्सिलीने लिहायचे, "बरं आहे." सतरा पुस्तकांत त्याहून एक अक्षर जास्त नाही. पण त्या दोन शब्दांवर माझं वर्ष जायचं.

मग त्यांना का टाळलं? कारण मास्तर म्हणजे दोन महिने! ते नुसती चूक दाखवत नसत, ती माझ्याकडून दुरुस्त करून घेत. प्रकरणच्या प्रकरण परत लिहायला लावत. आणि मला झाली होती घाई. अठरावी कादंबरी निम्मी झाली असताना ते मला वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटले. "काय, यंदा काही?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, यंदा विश्रांती, मनगट फार दुखतंय. धडधडीत खोटं. दुसऱ्या दिवशी मास्तर तीन जिने चढून आमच्या घरी आले आणि मलमाची ट्यूब देऊन, पाणीसुद्धा न पिता परत गेले. मला फार वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यात मी पुढची वीस पानं लिहिली.

पुस्तक साइटवर चढवायला अकरा मिनिटं लागली. बटण दाबल्याबरोबर पत्र आलं: "अभिनंदन! आपली कलाकृती जगासमोर आली आहे." मला भरून आलं. तशी त्याआधी माझ्या हातून चुकून विजेच्या बिलाची फाइल चढली होती आणि त्या कलाकृतीचंही याच शब्दांत अभिनंदन झालं होतं. पण चांगल्या दिवशी माणूस अशा गोष्टींचा विचार करत नाही.

तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी पहिला अभिप्राय आला, पाच तारे. "मास्तर हे पात्र अप्रतिम! एकदाही समोर येत नाही, पण सगळीकडे आहे."

मी चक्रावलो. माझ्या कादंबरीत इन्स्पेक्टर होता, विधवा होती, दाताचा डॉक्टर होता. मास्तर नावाचं कुणी नव्हतं! घाईघाईने पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर, दुसऱ्याच ओळीत, स्वच्छ ठळक अक्षरांत: [मास्तर, सुरुवात जरा ओढूनताणून झालीय का?]

आणखी पानं उलटली. चिठ्ठ्याच चिठ्ठ्या! एकूण एकशे त्रेचाळीस. एकोणीस वर्षांत कंस काढून टाकायचं काम मी कधी केलंच नव्हतं, त्यामुळे ते मला दिसेनासेच झाले होते. नाकावरचा चष्मा दिसत नाही ना, तसं. आणि लाजेची गोष्ट ही, की मास्तरांना टाळायचं ठरवल्यानंतरच्या प्रकरणांतही चिठ्ठ्या होत्या. मनाने त्यांना काढून टाकलं होतं, हाताला कुणी कळवलंच नव्हतं.

पुस्तक ताबडतोब काढून घ्यायला मी माउस हातात धरला. तेवढ्यात दुसरा अभिप्राय आला. "कादंबरीतला लेखक मुद्दाम विसराळू आणि जरासा बावळट रंगवला आहे. फार अवघड काम, पण अगदी हुबेहूब जमलंय." पुन्हा पाच तारे. मी माउस सोडला.

आठवड्याभरात माझ्या सतरा पुस्तकांना मिळून आले नव्हते तेवढे अभिप्राय आले. आणि माणसंही यायला लागली.

पहिल्या आल्या सासूबाई. चहा मागितला, बिस्किट बुडवलं आणि ते मोडून कपात पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं. पडल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौथ्या प्रकरणात चिठ्ठी होती: [मास्तर, ही आत्या सासूबाईंवरून घेतलीय. ओळखू येईल असं काही राहिलं तर काढा. विशेषतः बिस्किट चहात पडल्यावर दुसऱ्याकडे रागाने बघणं.]

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "चमचा द्या."

मी दिला. त्यानंतर त्या महिनाभर माझ्याशी अत्यंत गोड बोलल्या. त्या महिन्यात माझं वजन तीन किलोंनी उतरलं.

मग दाताचे डॉक्टर. माझ्या दाढेचं काम अर्धं झालेलं होतं, म्हणून जाणं भागच होतं. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, गालात कापसाचे बोळे कोंबले, दिवा डोळ्यांवर आणला आणि मग शांतपणे म्हणाले, "नवव्या प्रकरणात तुम्ही मला जिन्यावरून ढकललंत."

मी "आँ" म्हणालो. दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

माझी चिठ्ठी त्यांना पाठ होती. त्यांनी माझा चुकीचा दात काढला होता म्हणून मी त्यांचा खून करतोय, फक्त उंची बदला, असं मी मास्तरांना सुचवलं होतं. उंची बदललेली नाही, हे त्यांनी माझ्या लक्षात आणून दिलं. शिवाय तो दात मीच बोट ठेवून दाखवला होता, हेही.

"ते सोडा," ते यंत्र हातात घेत म्हणाले. "पण नवव्या प्रकरणात मेल्यावर मी सतराव्यात एका बाईचा दात कसा काढतो?"

मी पुन्हा "आँ" म्हणालो. या वेळी मनापासून. हे मलाच माहीत नव्हतं! वाचकांमध्ये त्यावर दोन तट पडल्याचं घरी आल्यावर कळलं. एकांच्या मते डॉक्टरला जुळा भाऊ आहे, दुसऱ्यांच्या मते ती बाईच मेलेली आहे. मेलेल्या माणसाकडून लेखकाने चुकून काम करून घेतलं असेल, असं एकालाही वाटलं नाही. वाचक फार सज्जन असतात.

त्यानंतर एका वाचक मंडळाने मला संगणकावरच्या बैठकीला बोलावलं. साठ-सत्तर चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा. मी इस्त्रीचा शर्ट घातला. मास्तर कसे सुचले, असं कुणीतरी विचारलं. इथे खरं सांगून टाकायची संधी होती. मी म्हणालो, "ते एक तंत्र आहे." वर ते विकसित करायला एकोणीस वर्षं लागली, असंही म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग एका कोपऱ्यातल्या चौकटीतून एक वयस्क बाई म्हणाल्या, "मला एक कळलं नाही. एवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या त्याने, आणि मास्तर एकाही चिठ्ठीला उत्तर देत नाहीत. त्यांचं काय झालं? गेले का ते?"

नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरातून बायको बोलली आणि ते सत्तरच्या सत्तर चौकटींना ऐकू गेलं. "गेले कशाने? त्यांना विचारलंच कुठे!"

मी बैठक सोडून उठलो. मलमाची ट्यूब कपाटात होती, झाकणसुद्धा न उघडलेली. ती खिशात टाकली आणि मास्तरांकडे गेलो. सायकलवाल्याच्या दुकानाबाजूचा जिना मी शंभरदा चढलो असेन. त्या दिवशी तो संपेना. मास्तरांनी दार उघडलं, माझ्या मनगटाकडे बघितलं आणि विचारलं, "मलम संपलं का?"

"मास्तर, हात दुखत नव्हता."

"माहीत आहे. एकोणिसाव्या प्रकरणात लिहिलंयत तुम्ही."

लिहिलं होतं खरं! [मास्तर, आज एका बैठकीत अठरा पानं. हात मस्त चाललाय.] इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. ट्यूब खिशात घट्ट धरून मी उंबऱ्यातच उभा राहिलो. त्यांनी आत या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दार उघडं टाकून ते टेबलाशी जाऊन बसले, तेव्हा मी मागोमाग गेलो.

टेबलावर एक वही होती. मुलीने त्यांना पुस्तक फोनवर पाठवलं होतं, "बाबा, तुम्ही पुस्तकात आलात" म्हणून. त्यांनी ते फोनवर भिंग धरून वाचलं. प्रत्येक चिठ्ठी वहीत उतरवून घेतली आणि खाली पेन्सिलीने उत्तर लिहिलं. "डोळे घारे. दुसरं प्रकरण, तिसरा परिच्छेद." "खून बुधवारी. मंगळवारी इन्स्पेक्टर गावाला गेला आहे." "बिस्किट ओळखू येतं. काढावे." "डॉक्टर मेलेले आहेत. त्यांना काम देऊ नये."

मी एकेक उत्तर वाचत गेलो. शेवटी विचारलं, "मी तुम्हाला न सांगता पुस्तक काढलं. खोटं बोललो. मग हे कशाला केलंत?"

"विचारलं होतंत ना," मास्तर म्हणाले. "नाव घालून विचारलं होतंत."

मी वहीचं शेवटचं पान उलटलं. माझी ठरलेली चिठ्ठी तिथे होती: [मास्तर, जमलंय का?] खाली कोरा कागद. मी त्यांच्याकडे बघितलं.

"ते छापायच्या आधी विचारायचं असतं," ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले.

पुढचे दोन महिने आम्ही बसलो. मास्तर म्हणजे दोन महिनेच! डॉक्टरांना सतराव्या प्रकरणातून काढलं, बिस्किट काढलं, एकूण एक कंस काढले आणि निर्दोष प्रत साइटवर चढवली. अभिनंदनाचं पत्र आलं. पाठोपाठ तक्रारी. "पुस्तकाचा जीव गेला!" "मास्तरांना परत आणा!" मी घाबरत घाबरत त्या मास्तरांना वाचून दाखवल्या. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, चिठ्ठ्या हव्या तर ठेवा, पण मग उत्तरंही छापा, आणि डॉक्टरांची अन् सासूबाईंची क्षमा मागून.

आता तशी प्रत साइटवर आहे. वाचकांना आवडलेल्या ओळीखाली तिथे रेघ मारता येते आणि किती जणांनी मारली ते सगळ्यांना दिसतं. "डॉक्टर मेलेले आहेत. त्यांना काम देऊ नये," या ओळीखाली दोन हजार सहाशे जणांच्या रेघा आहेत. माझ्याही एका वाक्याखाली नऊ जणांच्या आहेत. मी जुनी फाइल काढून बघितली. ते वाक्यही मास्तरांनी बदललेलं निघालं. शेवटच्या चिठ्ठीखालची जागा मात्र अजून कोरी आहे. ती भरून द्या, असं म्हणायचं धाडस मला झालं नाही.

हा मजकूर तेवढा मी छापायच्या आधी त्यांच्याकडे घेऊन गेलो. कागदावर, शेवटी कंसात चिठ्ठी लिहून. चार दिवसांनी परत मिळाला. माझ्या एकशे त्रेचाळीसच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, "चिठ्ठ्या एकशे एक्केचाळीस. मोजल्या आहेत." मी थेट शेवटचं पान काढलं. तिथे चिठ्ठीखाली एकच शब्द होता: "बरं."

मी विचारलं, मास्तर, "आहे" राहिलं का?

ते म्हणाले, राहिलेलं नाही. ते पुढच्या पुस्तकानंतर बघू.