रंगूअण्णा आणि पंचेचाळीस फुटांचा पाळणा

अमुक माणूस वारला असं सांगितलं, की लोक विचारतात, "कशानं गेला?" रंगूअण्णा विचारायचे, "उंची काय हुती?"

मी तिखटमीठ लावून सांगत नाही. आमच्या कचेरीत नवे साहेब बदलून येणार अशी बातमी आली, तेव्हा सगळे त्यांच्या स्वभावाची चौकशी करत होते आणि अण्णांना त्यांची उंची हवी होती. देवळाचा कळस, पाण्याची टाकी, लग्नातला नवरदेव, कशाचीही उंची कळेपर्यंत या गृहस्थाला चैन पडत नसे. स्वतः जेमतेम सव्वापाच फूट.

एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. नगरहून, सावेडीतल्या आमच्या घरातून उचलून सरकारने मला जामखेडच्या अलीकडच्या एका गावात आणून टाकलं होतं. पाटबंधारे खात्याची कचेरी. आजूबाजूला पाट नव्हता, बंधारा नव्हता आणि पाणी तर नव्हतंच. बहुधा म्हणूनच कचेरी दिली असावी. तिथे अण्णा आवक-जावक सांभाळायचे. मी रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं.

"त्या यस्टीच्या पाटीवर काय लिव्हलंय?"

"जामखेड-नगर," मी म्हणालो.

"नजर चांगली हाय तुमची!" ते खूश झाले आणि त्यांनी माझ्यासाठी समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. स्वतः मात्र घेतला नाही. का, तर सात वर्षांपूर्वी त्या हॉटेलवाल्याशी काहीतरी वाजलं होतं आणि अण्णा म्हणाले होते, "तुजा चहा तोंडाला लावनार न्हाई." हॉटेलवाला ते विसरून गेला होता, पण अण्णा विसरले नव्हते.

हा हट्ट चहापुरता असता तर हसून सोडून दिला असता. चार वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी शकू मिशनच्या शाळेतल्या मास्तराशी लग्न करून ओढ्यापलीकडे राहायला गेली. ती हिंदू, तो ख्रिस्ती. अण्णा चारचौघांत म्हणाले, "तुज्या दारात पाय ठेवनार न्हाई." बायको आधीच वारलेली. तेव्हापासून हा माणूस एकटाच भाकरी थापत होता आणि ओढ्याच्या त्या बाजूच्या रस्त्यालाही जात नव्हता. मला त्यांचा मनस्वी राग यायचा. एवढा ताठा कशाच्या जोरावर, असं वाटायचं.

बरं, असल्या माणसाने म्हातारपणी देवाचं नाव घ्यावं, तर याला नाद कसला, तर जत्रेतल्या पाळण्यांचा! आमच्या गावच्या चैत्रातल्या जत्रेत दरवर्षी चार पेट्यांचा लाकडी पाळणा यायचा. दोन गडी तो हातांनी फिरवायचे. त्यात पोरंटोरं बसायची, नव्या सुना बसायच्या आणि पन्नाशी उलटलेले रंगूअण्णा बसायचे. तेही जत्रेकडे पाठ करून! माणूस पाळण्यात बसतो तो खालची गंमत बघायला. हे आपले ओढ्याकडे तोंड करून बसणार.

या वेडाला साथीदार होता चांदभाई सायकलवाला. पंक्चर काढता काढता तो पाळण्याच्या बेअरिंगबद्दल असा बोलायचा, की एखाद्याला वाटावं यानेच ते जन्माला घातलंय. त्या वर्षी या दोघांना बातमी लागली, की मढीच्या जत्रेतला नवा लोखंडी पाळणा आपल्याकडे येणार. बारा पेट्यांचा, इंजिनावर फिरणारा. झालं! दोन महिने कचेरीत दुसरा विषय नाही. पाऊस दगा देऊन गेलेला, विहिरी तळाला लागलेल्या, बायका हंडे घेऊन मैलभर चालतायत आणि हे दोघे इंजिन डिझेलचं की रॉकेलचं यावर भांडतायत. असल्या माणसांच्या हाती देश सोपवून आपण झोपतो, असं माझ्या मनात यायचं.

एका रविवारी अण्णा एसटी बदलत बदलत मढीला जाऊन आले. सोमवारी हातात सुतळीचा गुंडा. पाळणेवाल्याच्या माणसाला वर चढवून, सुतळी खाली सोडून त्यांनी पाळण्याची उंची मोजून आणली होती. त्यांनी सुतळीचं एक टोक साहेबांच्या दाराच्या कडीला बांधलं आणि गुंडा सोडत निघाले. व्हरांडा संपला, पायऱ्या संपल्या, पार मागच्या संडासाशी जाऊन थांबले.

"पंचेचाळीस फूट!" तिथून ओरडले. साहेब दार उघडायला गेले ते सुतळीसकट.

"मग, बसलात का त्यात?" मी विचारलं.

"तितं बसून काय करू?" अण्णा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. लग्नाला जाऊन न जेवता मांडव मोजून येणारा माणूस हा!

खरा तमाशा पुढेच होता. जत्रेच्या पंचांनी पाळण्यासाठी देवळाच्या दारासमोरची जागा दिली. अण्णा म्हणाले, तिथे नको, त्या लिंबाच्या झाडापलीकडे ओढ्याच्या अंगाला उभा करा. पंच म्हणाले, तिकडे कोण येईल मरायला? कधी कोणापुढे मान न लववणारा हा माणूस त्या दिवशी सरपंचांच्या ओट्याखाली टोपी हातात घेऊन उभा राहिलेला मी पाहिला. "जास्त न्हाई, धा पावलं. तेवडा लिंब मधी येतो हो." सरपंच हसले. मीही हसलो. अण्णा तीन दिवस रोज जाऊन तेच म्हणत राहिले आणि कंटाळून पंचांनी दहा पावलं दिली.

पाळणा उभा राहिला. उन्हं कलल्यावर पहिली फेरी. अण्णांनी पहिली पेटी धरली आणि मला ओढून शेजारी बसवलं. "तुमीच पायजे," म्हणाले. माझं उंचीशी मुळीच जमत नाही, पण नाही म्हणायच्या आत कडी लागली होती.

एकेक पेटी भरत गेली, तसे आम्ही थांबत थांबत वर सरकत गेलो. सातव्या पेटीत चांदभाई चढायला आला तेव्हा आमची पेटी बरोबर माथ्यावर होती. चांदभाईची चप्पल पडली. तो ती घ्यायला उतरला. पुन्हा चढला, मग टोपी पडली. लोक ओरडायला लागले, पाळणेवाला शिव्या द्यायला लागला. मी दांडा घट्ट धरून, डोळे मिटून चांदभाईच्या बेंगरूळपणाला मनात लाखोली वाहत होतो.

"डोळे उगडा," अण्णा म्हणाले. "ओढ्यापल्याड बगा. कौलारू घर, उंच कुसू हाय त्ये."

मी पाहिलं. लिंब मागे राहिला होता आणि कुसवाच्या भिंतीपलीकडचं अंगण उघडं दिसत होतं. अंगणात एक बाई उभी होती आणि डोळ्यांवर हात धरून थेट आमच्याकडेच बघत होती. तिने एक लहान पोर उचललं आणि ओट्याच्या कठड्यावर उभं केलं, दुरून कोणाला तरी नीट दिसावं असं.

"लाकडी पाळन्यातनं नुसती कौलं दिसायची," अण्णा म्हणाले. "पाय ठेवनार न्हाई म्हन्लो हुतो. बगनार न्हाई असं न्हवतो म्हन्लो." त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. काही उपयोग नव्हता, चष्मा स्वच्छच होता. "मला काय दिसंना बगा. तुमची नजर चांगली. पोरगं हाय का पोरगी?"

"मुलगा आहे, अण्णा."

"उंची काय हाय?"

दोन महिने ज्याला वेड्यात काढलं, त्याच्या शेजारी बसून मला माझीच लाज वाटली. इतक्या लांबून कोणाला उंची सांगता येते! दिसत होता तो फक्त एक ठिपका, पांढऱ्या सदऱ्यातला.

"अडीच फूट," मी म्हणालो. "अडीचाच्या थोडा वरच."

"अडीच फूट," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे करून, पेटीच्या तळापासून अडीच फुटांवर तळवा आडवा धरला. खाली चांदभाई एकदाचा बसला. पाळणा फिरायला लागला, लोक किंचाळायला लागले, पण अण्णांनी तो हात शेवटपर्यंत खाली घेतला नाही.